थेंबानंतरची दोन मिनिटं

गेल्या वर्षी वर्षावास सुरू झाला तेव्हा शालूकाकूला विहारातल्या मेणबत्तीभोवती रंगीत कडं दिसायला लागलं होतं. निळं, पिवळं, तांबडं, एकात एक. तिनं ते दीड-दोन महिने कोणाला सांगितलं नाही. मला कळलं ते तिच्या टोळीतल्या सुमनबाईकडून, तेही माझ्या मेडिकलच्या काउंटरवर, डोकेदुखीची गोळी मागता मागता.

"शालूसाठी पायजे," सुमनबाई म्हणाली. "रोज सांजंला वाचून झालं की डाव्या भुवईवर कळ मारती तिच्या. अन् मेणबत्तीला रंग दिसतेत म्हनती."

मी गोळी दिली नाही. वारंगा फाट्यावर माझं दुकान एकवीस वर्षांचं आहे. विजू मेडिकलवाला तिखट आहे, असं गिऱ्हाईकं एकमेकांना सांगतात आणि तरी येतात, कारण जे लागत नाही ते मी विकत नाही. दिव्याभोवती रंगीत कडं आणि भुवईत कळ, ही डोळ्याच्या दाबाची लक्षणं आहेत एवढं मला कळत होतं. मी शटर अर्धं ओढलं आणि काकूला शोधायला निघालो.

आता ही वाचायची गोष्ट काय, ते सांगतो. आषाढातल्या पौर्णिमेपासून अश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत तीन महिने आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शेतातून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून येतात. एकोणीस वर्षं वाचणारी एकच, शालूकाकू. ताप असो, घरात पाहुणे असोत, वाचन एक दिवस तुटलं नव्हतं. आणि ही बाई शाळेची पायरी चढलेली नाही.

अक्षरं ती फाट्यावर शिकली. निंदणीच्या टोळीला न्यायला टेम्पो यायचा, त्याची वाट बघत बाया सकाळी रस्त्याकडेला बसायच्या. एसटी आली की कंडक्टर ओरडायचा, "वसमत, वसमत!" काकू पाटीकडे बघायची. "कळमनुरी, कळमनुरी!" पुन्हा पाटीकडे. 'वसमत'मधला व आणि 'वारंगा'मधला व एकच आहे, हे तिचं तिला सापडलं तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. पुढं लेकीच्या, पुनमच्या, पुस्तकावरून जोडाक्षरं शिकली. वाचायला लागली तेव्हा प्रत्येक वाक्य ती कंडक्टरसारखं मोठ्यानं पुकारायची आणि पूर्णविरामाला गाडी थांबवावी तशी थांबायची. पोरं हसायची. पण एका वर्षी पदवीवाल्या एका पोरानं वाचून पाहिलं, तेव्हा बायांनी तिसऱ्या दिवशी त्याला पाणी पाजून घरी पाठवलं. तो भरभर वाचायचा. काकू एक वाक्य वाचायची, मग ते आमच्या बोलीत सांगायची, आणि जे कळलं नाही तिथं सरळ म्हणायची, "हे मला समजलं न्हाई. उद्या इचारून सांगते." भरल्या सभेत असं म्हणायला छाती लागते. मला अजून जमत नाही.

तर मी तिला नांदेडला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिचा नवरा सोनाजीकाका शेळ्या शेजाऱ्याच्या दावणीला बांधून सोबत आला. हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली सहा शेळ्यांशी.

डॉक्टरीणबाईंनी तास-दीड तास तपासलं आणि सांगितलं, काचबिंदू. मोतीबिंदू नाही. मोती काढता येतो, यात गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली तेवढी राखायची. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली होती. उजवा अजून चांगला होता.

"डोळ्यात सतत पाणी तयार होतं," बाई समजावत होत्या, "अश्रू नाही, आतलं पाणी. ते एका बारीक कोपऱ्यातून बाहेर जातं. तुमचा तो कोपरा मुळातच अरुंद आहे. अंधुक उजेडात बाहुली मोठी होते, भोवतालचा रंगीत पडदा कोपऱ्यात गोळा होतो आणि पाण्याची वाट बंद. मग दाब वाढतो, नस दबते. रंग दिसतात ते तेव्हाच."

"पाण्याच्या चारीच्या तोंडाला गवत अडकावं तसं," सोनाजीकाका म्हणाला. त्या दिवसाचं त्याचं ते पहिलंच वाक्य होतं आणि अगदी बरोबर होतं.

बाईंनी लेझर करायला सांगितलं. पडद्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पाडलं की पाण्याला दुसरी वाट मिळते. काकू म्हणाली, पौर्णिमा होऊ द्या. मी ओरडलो, बाईही रागावल्या, पण काकू हलेना. तिला भीती एकच, लेझरनंतर दोन दिवस वाचू नका म्हणाले तर? शेवटी बाईंनी दाब उतरवायच्या गोळ्या आणि पायलोकार्पिनचे थेंब लिहून दिले, दिवसातून चार वेळा एकेक, आणि आठ दिवसांत परत यायला बजावलं.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "काकू, रंग दिसून राहिले होते तर सांगितलं काहून न्हाई?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रंग आपल्या पंचशील झेंड्याचे होते रे विजू. चमत्कार मी मानत न्हाई, तुला ठावं हाय. पण बघायला बरं वाटायचं. मनलं, ऱ्हाऊ दे."

मी कंडक्टरला सुटे पैसे दिले.

चूक पुढं झाली आणि तिची सुरुवात माझ्या दुकानात झाली. मी थेंबाची बाटली सोनाजीकाकाच्या हातात दिली. काउंटरवर पाच-सहा माणसं होती, एकाचं लेकरू रडत होतं. काका बाटली उलटीसुलटी करून बघत होता. त्याला धीर यावा म्हणून मी म्हणालो, "भिऊ नका. झाडाच्या पानातून काढतेत हे औषध."

"झाडपाल्याचं हाय?" काकूचा चेहरा खुलला.

"व्हय. तिकडं दक्षिण अमेरिकेत झुडूप असतंय."

"एखांदा थेंब जास्त पडला तर?" काकानं विचारलं.

"काही होत न्हाई," मी म्हणालो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलो. मी, जो लोकांना तासभर उपदेश करतो, त्यानं एवढंच सांगितलं. आमच्याकडं 'झाडपाला' म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. गोळी उष्ण पडते, इंजेक्शन अंगावर उठतं, पण झाडपाल्याची तकलीफ नसते, हे आमच्या सात पिढ्यांचं ज्ञान आहे. हे मला माहीत होतं. म्हणूनच तर मी तो शब्द वापरला होता.

पहिले चार दिवस काकूच्या भुवया ठणकल्या. हे होतंच, थेंबानं डोळ्यातला स्नायू आवळतो. तो आवळला की पडदा कोपऱ्यातून ओढला जातो, पाण्याला वाट होते आणि बाहुली आकसते. पाचव्या दिवशी भर दुपारी ती दुकानात आली. तिच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. तिनं काउंटरवरचा औषधाचा कागद उचलला, ज्यावर मुंगीच्या पायाएवढी मराठी छापलेली असते, आणि चष्म्याशिवाय धडाधड वाचून दाखवला. "लहान मुलांपासून दूर ठेवा. थंड जागी ठेवा."

"काकू, चष्मा कुठंय?"

"पिशवीत," ती म्हणाली. असं हसताना मी तिला लेकीच्या लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

त्यात जादू काही नव्हती. लहान भोकातून बघितलं की अक्षर रेखीव दिसतं, फक्त उजेड भरपूर पाहिजे. तेही मी सांगितलं नाही, कारण तिला खूश बघून मलाच बरं वाटत होतं.

संध्याकाळी मात्र उलटं व्हायचं. विहारात एक जुनी ट्यूब, तिचा उजेड दुधाळ, आणि लाइट गेली की नुसत्या मेणबत्त्या. मोहरीएवढ्या बाहुलीतून तेवढा उजेड आत जाणार किती? तिला पान करडं दिसायचं. एकदा उंबऱ्याला ठेच लागली. ती आठवणीनं वाचायची, एकोणीस वर्षांची पाठ होती, पण ओळ सुटली की थांबायची, आणि सभेत कुजबुज व्हायची. तिनं आपला हिशेब असा मांडला की दुपारी थेंबाचा जोर असतो म्हणून दिसतं, सांजेला जोर उतरतो म्हणून दिसत नाही. मग जोर वाढवायचा. झाडपालाच तर आहे.

सातव्या दिवशी चार वाजल्यापासून ती दर पंधरा मिनिटांनी दोन्ही डोळ्यांत थेंब टाकत गेली. सोनाजीकाका शेळ्या घेऊन माळावर होता. सहा वेळा टाकले, असं तिनं नंतर सांगितलं. जितके थेंब जास्त, तितका तिला अंधार जास्त, आणि जितका अंधार, तितके थेंब.

मी त्या दिवशी विहारात होतो. वंदना झाली, काकू वाचायला बसली. पहिल्याच पानाला तिच्या कपाळावरून घाम निथळायला लागला. भाद्रपदाचा उकाडा असेल असं मला वाटलं. मग डोळ्यांतून धार, नाकातून धार. ती सारखी आवंढे गिळत होती, पदरानं तोंड पुसत होती, तरी लाळ पानावर पडली. ती तिनं लगेच पदरानं टिपली. पोटात मुरडा आला तसा डावा हात पोटावर गेला. बाया उठायला लागल्या. तिनं हातानं बसा म्हणून खूण केली, वाक्य पूर्णविरामापर्यंत नेलं, पानात दोरा ठेवला, ग्रंथ मिटला, दोन्ही हातांनी पाटावर ठेवला. आणि मग बाजूला कलंडली.

मी नाडी धरली. मिनिटाला चव्वेचाळीस.

"काकू, थेंब किती टाकले?"

तिनं बोटं दाखवली. मी एका पोराला सरपंचाच्या घराकडं पिटाळलं.

सरपंचाच्या जीपमधून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. सोनाजीकाका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि सारखा माझ्याकडं बघत होता. तो बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

तिथला डॉक्टर तरुण होता, पण हुशार. बाटली बघितली आणि म्हणाला, थेंब डोळ्यातून नाकात, नाकातून घशात उतरतो आणि रक्तात मिसळतो. एकेक थेंबानं फारसं होत नाही, पण इतके थेंब गेले की अंगातल्या सगळ्या ग्रंथी एकदम पाझरतात, आतडी पिळतात, नाडी मंदावते. सलाइन लावलं, छातीला तारा लावल्या. उताऱ्याचं इंजेक्शन भरून ठेवलं, पण टोचलं नाही.

"देऊन टाका ना," मी म्हणालो.

"तुम्ही मेडिकलवाले ना? उतारा कुठून येतो माहीत आहे? धोतऱ्याच्या गोतातल्या झाडातून. बाहुली मोठी करतो. यांच्या डोळ्याचा कोपरा अरुंद. नाडी सुधारेल, पण डोळा जाऊ शकतो. नाडी आणखी उतरली तर द्यावंच लागेल."

असा तास मी आयुष्यात काढला नव्हता. एका बाजूला काळीज, दुसऱ्या बाजूला डोळा, आणि मध्ये मी दिलेली बाटली. यंत्रावरचा आकडा चव्वेचाळीसवरून बेचाळीसवर गेला. मग बराच वेळ तिथंच राहिला. सोनाजीकाकाला आकडे वाचता येतात. त्यानं काकूचं पाऊल मुठीत धरलं होतं. मग सेहेचाळीस झाले, पन्नास झाले, आणि साठावर पोचले तेव्हा डॉक्टरनं भरलेली सुई बाजूला ठेवली.

काकूनं डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "पान खराब झालं का रे?"

मी तिथंच सगळं कबूल केलं. त्या तासाभरात मी मोबाइलवर वाचून काढलं होतं की ज्या देशात ते झुडूप उगवतं, तिथल्या मूळच्या लोकांनी त्याला नावच लाळ गाळायला लावणारं झुडूप असं दिलं होतं. म्हणजे झाडपाला काय करतो हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मी तिला झाड सांगितलं आणि झाडाची करणी सांगितली नाही. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही, हे दहा सेकंदांचं वाक्य होतं. तेही मी सांगितलं नव्हतं.

"तू अर्धं सांगितलंस," काकू म्हणाली, "अन् मी दुप्पट ऐकलं. बराबरच झालं."

चार दिवसांनी तिनं मुकाट्यानं लेझर करून घेतलं. दहा मिनिटांचं काम. वाचायला बंदी नव्हतीच, हे तिला तेव्हा कळलं. विचारलं असतं तर आधीच कळलं असतं, असं मी म्हणणार होतो, पण मला तो अधिकार उरला नव्हता. कोपरा अजून अरुंदच होता, म्हणून काही महिने थेंब चालू ठेवायचे होते, चारच वेळा. बाईंनी दाबायची रीत स्वतः दाखवली. अंधुक उजेडात वाचणं बंद, रस्त्यानं एकटीनं जाणं बंद.

त्या संध्याकाळी ती विहारात गेली. तीन दिवस वाचन झालं नव्हतं. तिच्या जागी कोणी बसलं नव्हतं, पाटावर ग्रंथ तसाच होता, दोरा तिथंच.

ती ग्रंथाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "एकोणीस वर्सांत पयल्यांदा वाचन तुटलं. कोणाचा दोष न्हाई, माझा हाय. झाडपाल्याचं औषध हाय म्हणून मी मनानं जास्त टाकलं. धोतराबी झाडच हाय की. आपण धोतरा खातो का? मंग औषध झाडाचं हाय म्हणून मापाबाहेर काहून घ्यावं? मी इतकी वर्सं तुमाला सांगत आले, ऐकलेलं इचारल्याबिगर मानू नका. अन् मीच मानलं."

मी मागच्या रांगेत होतो. तिनं माझं नाव घेतलं नाही. मग मीच उठलो आणि घेतलं. सगळं सांगितलं. खाली बसलो तेव्हा सोनाजीकाकानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग प्रश्न आला वाचनाचा. कोणी म्हणालं मोठा बल्ब लावू. पण आमच्याकडं संध्याकाळी लाइट असेल याची खात्री बल्ब बनवणाऱ्यालाही देता येणार नाही. कोणी म्हणालं यंदा दुसरं कोणीतरी वाचेल. त्यावर काकू पाटाकडं बघत राहिली. ती काय गमावणार होती हे तिथल्या प्रत्येकाला त्या वेळी कळलं.

सुमनबाई म्हणाली, "उन्हात तिला चष्म्याबिगर दिसतंय ना? मंग उन्हातच वाचू द्या की. सोयाबीन काढायला उद्यापासून समद्या संगंच हाव. दुपारच्या सुट्टीत वाच."

वर्षावासाचं वाचन शेतात? एक-दोन म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. काकूनं एवढंच विचारलं, "बुद्धानं पयला उपदेश केला तवा इहार होता का कुठं?" कुरकुर थांबली.

तेव्हापासून पौर्णिमेपर्यंत रोज दुपारी दीड वाजता मी दुकान बंद करून मोटारसायकलवर शेतात जायचो. बाया बांधावरच्या बाभळीच्या सावलीत बसलेल्या. काकू एकटी बाहेर, काढलेल्या सोयाबीनच्या मोकळ्या रानात, भर उन्हात. डोक्यावर पदर, मांडीवर पांढऱ्या कापडात ग्रंथ. जगात ऐकणारे सावलीत आणि वाचणारा उन्हात, असं वाचन मी दुसरीकडं पाहिलं नाही. सगळ्या बाया तिच्या उजव्या हाताला बसायच्या. डावीकडून कोणी पाणी दिलं तर तिला तांब्या दिसत नाही. हे कोणी ठरवलं नव्हतं, आपोआपच त्या तशा बसायला लागल्या.

वर्षावासाच्या शेवटच्या आठवड्यात टोळीत पेमा नावाची तांड्यावरची पोक्त बाई नव्यानं आली होती. भाकरी खाऊन झाली. काकूनं बाटली काढली, मान मागं केली, एकेक थेंब टाकला, डोळे मिटले आणि दोन बोटांनी नाकाजवळचे दोन्ही कोपरे दाबून धरले. रोजच्यासारख्या सगळ्या गप्प झाल्या. मी घड्याळ बघत होतो, ते माझं काम. बघतो तर पेमानंही डोळे मिटलेले, तिचीही दोन बोटं नाकाला लागलेली. तिला वाटलं, यांच्या वाचनाची रीतच अशी आहे.

मी तिला सांगायला तोंड उघडलं. सुमनबाईनं माझ्याकडं डोळे वटारले. तेवढ्यात आणखी एकीनं बोटं नाकाला लावली, मग तिसरीनं, मग बांधाला शेळ्या घेऊन आलेल्या सोनाजीकाकानं. शेळ्या चरत होत्या, त्यांचा तेवढा आवाज होता.

"काकू," मी हळूच म्हणालो, "समद्याच दाबून बसल्यात."

काकूनं डोळे उघडले नाहीत. "बसू दे," ती म्हणाली. "आपल्या चुकीची दोन मिन्टं हायेत ती. एकटीनं बसण्यापरीस बरं."

मग मीही घड्याळ खिशात टाकलं आणि बोटं नाकाला लावली.

दोन मिनिटांनी कंडक्टरसारखा खणखणीत आवाज आला आणि तिनं पहिलं वाक्य पुकारलं. मी डोळे उघडले. चष्मा पिशवीतच होता.